ठणठणीत असल्याचा कागद

मयुरीच्या साक्षगंधाला साठ माणसं येणार होती आणि घरात एकही कुकर नव्हता.

"साठ माणसाचं वरण गंजात शिजवाचं?" मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवरच्या मोठ्या पातेल्यापाशी बसलेली रुखमाआत्या म्हणाली. "सकाळी सहाले डाळ ठेवली. दहा वाजले. डाळ अजून मायाकडे डोळे वटारून पाहून राह्यली."

"शिजते आत्याबाई," स्वाती म्हणाली.

"कुकर फुटला तं दुसरा घ्याव. वर्ष झालं आयकून राह्यली, आज आणतो, उद्या आणतो. मोहर्लीच्या जंगलात राहत होती तेव्हा तरी होता का कुकर?"

"होता तं. वाघच लावत होते शिट्ट्या."

आत्या हसली. सून उलटून बोलली की तिला बरं वाटायचं. पंच्याहत्तरी झालेली ही बाई चाळीस वर्षांपूर्वी विधवा होऊन भाऊ हरिदासकडे घुग्घुसला आली, आणि त्याची बायको गेल्यावर तिनेच त्याच्या मुलांना, संघपाल आणि मयुरीला, वाढवलं. आज मयुरीचं साक्षगंध, म्हणून पहाटेपासून तिला तिचं स्वतःचं आठवत होतं. तेव्हा घुग्घुसचा कोळसा जमिनीखालून निघायचा आणि वरचं आभाळ निळं असायचं. तिचे वडील, कोलू, खाणीतून वर येऊन, अंगावरची काळी धूळ न धुताच पाहुण्यांपुढे बसले होते. व्याह्यांनी हात जोडले तेव्हा कोलूंनी त्यांचे दंडच धरले, आणि व्याह्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्यांवर दहा बोटं उमटली. त्याच कोलूंच्या खांद्यावर बसून सहा वर्षांची रुखमा छप्पन साली चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, धम्मदीक्षेला गेली होती. त्या दिवसाचं तिला एवढंच आठवायचं की खाली जिकडेतिकडे पांढरी लुगडी होती आणि बापाच्या डोक्याला तेलाचा वास येत होता.

आता कोळसा उघड्यावर निघतो आणि मांडवाचं पांढरं कापड दुपारपर्यंत राखाडी होतं. पण मांडव तो मांडवच. गल्लीच्या पोरींनी त्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या, आणि कोणाच्या तरी मोबाईलवर गाणी सुरू होती.

स्वातीने आत्याला खरं सांगितलं नव्हतं. कुकर फुटला नव्हता. तिनेच तो मोहर्लीला, अभयारण्याच्या गेटपाशी, माहेरी देऊन टाकला होता.

संघपाल, तिचा नवरा, खाणीत एका ठेकेदार कंपनीचा डंपर चालवायचा. मातीच्या उंच ढिगावर गाडी मागे घेताना कडेला उभा असलेला माणूस शिट्टीने इशारा द्यायचा. दोन छोट्या म्हणजे ये, एक लांब म्हणजे थांब. सव्वा वर्षापूर्वी लांब शिट्टी वाजली, संघपालने ब्रेक मारला, गाडी जागच्या जागी थांबली. आणि तरीही ढिगाची कड खचली. शिट्टी वाजवणारा लटारू, संघपालचा शाळेपासूनचा मित्र, मातीबरोबर खाली गेला. संघपालने ते सगळं आरशात पाहिलं.

त्याला खरचटलंही नाही. चूक त्याची नव्हती, असं चौकशीतही लिहिलं गेलं. पण त्यानंतर तो कुठलीही गाडी मागे घेऊ शकेना. शिट्टी ऐकली की घामाने भिजायचा आणि एखाद्या वेळी तासभर बोलायचा नाही. सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव लिहून दिलं, गोळ्या सुरू केल्या. स्वातीने चंद्रपूरच्या माधवी वकीलबाईंना गाठून कामगार न्यायालयात भरपाईचा अर्ज टाकला. कंपनीचं उत्तर आलं: अर्जदाराच्या अंगावर ओरखडाही नाही, आणि खुद्द वडिलांनी लिहून दिलं आहे की मुलगा ठणठणीत आहे.

ते खरंच लिहून दिलेलं होतं. हरिदासने, स्वतःच्या वळणदार अक्षरात.

---

माधवी वकीलबाई स्कूटीवरून उतरली तेव्हा हरिदास मांडवात खुर्च्या मोजत होता. त्याने तिला पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं आणि पाण्याच्या टाकीमागे निघून गेला. दोघी त्याच्यामागे गेल्या.

"आज?" तो स्वातीला म्हणाला. "आजचाच दिवस भेटला तुले?"

"उद्या शेवटची तारीख आहे हरिदासजी," माधवी म्हणाली. "आपल्या बाजूची साक्ष उद्या दिली नाही, तर संधी संपली. तुमचं म्हणणं आज लिहून घेते, उद्या सकाळी शपथेवर करू."

"मायं म्हणणं त्यायच्यापाशी हाय. लिहून देल्लं मी."

"तोच तर प्रश्न आहे. डॉक्टर म्हणतात आजारी, बाप म्हणतो ठणठणीत. न्यायाधीश कोणाचं ऐकतील?"

एकतीस वर्षं हरिदास खाणीत हजेरीबाबू होता. त्याच्या रजिस्टरात माणूस हजर असायचा किंवा गैरहजर. तिसरा रकाना नव्हता. कंपनीचा सुपरवायझर मिठाईचा डबा घेऊन आला, "काका, दोन ओळी लिहून द्या, पोराले कामावर घ्यायले सोपं जाते" म्हणाला, तेव्हा हरिदासने चष्मा लावला आणि लिहिलं. लिहिताना त्याला अभिमान वाटला होता. माझ्या घरात कोणी गैरहजर नाही.

"मामाजी," स्वाती हळूच म्हणाली, "तुम्ही खोटं लिहिलं असं कोणी म्हणत नाई. तुम्हाले तसं वाटलं म्हणून लिहिलं. आता..."

"आता काय? उद्या कोर्टात उभं राहून म्हणू, मायं पोरगं डोक्यानं बिमार हाय? अन् परवा इवायाच्या घरी काय सांगू? तं म्हणतीन, भाऊ असा, बहीण कशी असन? मयुरीचं मोडलं तं तुमचं कोर्ट जोडून देते का?"

तेवढ्यात रुखमाआत्या पदराला हात पुसत आली.

"पाव्हणे नाक्यावर आले. फोन आल्ता." तिने माधवीला वरून खालपर्यंत पाहिलं. "ही कोण?"

"वकील मॅडम," स्वाती म्हणाली.

"वकीलबिकील काई नाई. आज ही तुयी मोहर्लीची मावसबहीण. बाई, तुमचं नाव?"

"माधवी."

"चालते. माधवी, वरण ढवळता येते का?"

---

राज्याच्या सीमेवरच्या सिरोंच्याचे पाहुणे एका बोलेरोत आणि दोन मोटारसायकलींवर आले. नवरदेव राजदीप जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होता. लाजून एवढा हसत होता की मयुरीच्या मैत्रिणींना त्याला चिडवायला काही उरलं नाही. त्याची आई विशाखाबाई अंगणवाडी चालवायची, अर्धं मराठी अर्धं तेलुगू बोलायची आणि येताक्षणी तिने मांडवाचा ताबा घेतला. लच्छूमामा म्हणजे तिचा भाऊ, बोलेरोचा मालक. त्याला प्रत्येक गोष्टीत खोट दिसायची.

"काय धूळ हो तुमच्या गावात!"

"धूळ नाई मामा, आमचा पावडर हाय," रुखमाआत्या म्हणाली. "फुकट लावून भेटते."

बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोला हार घातले. साठ माणसांनी एका आवाजात त्रिशरण-पंचशील म्हटलं, आणि आत्याला नेहमीसारखं डोळ्यांत पाणी आलं. मयुरीने आणि राजदीपने एकमेकांना अंगठ्या घातल्या, राजदीपने घातलेली मयुरीच्या बोटात अडकली, तेव्हा विशाखाबाई ओरडली, "अय्यो, मास्तर, आधी साबण लाव!" सगळा मांडव हसला. संघपालसुद्धा हसला. तो पांढरा शर्ट घालून पाहुण्यांना पाणी देत होता आणि कोणीही म्हणालं असतं, ठणठणीत.

जेवणाच्या पंगतीत विशाखाबाई माधवीच्या शेजारी बसली.

"तुम्ही मोहर्लीच्या?"

"हो."

"कोण्या घरच्या? आमच्या अंगणवाडीच्या मॅडम मोहर्लीच्या हायेत."

"आम्ही... थोडं बाहेर राहतो."

"जंगलात?"

"गेटच्या अलीकडे," माधवी म्हणाली आणि तोंडात मोठा घास घातला.

पलीकडे हरिदास उभा होता. त्याच्या हातातला बुंदीचा डाव तिरपा झाला.

पंगत उठत होती तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बादली बडवल्याचा आवाज आला. पाण्याचा टँकर बाहेर कडेला थांबला होता. गल्ली पुढे बंद होती, टाकी शेवटी होती आणि मधोमध बोलेरो उभी होती. ती मागे घेतल्याशिवाय टँकरला वाट नव्हती. बोलेरोचा ड्रायव्हर कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून पान खायला गेला होता.

"चाबी गाडीतच हाय," लच्छूमामा म्हणाला. "संघपालभाऊ, तुम्ही काढा नं. डंपरवाल्याले बोलेरो म्हणजे खेळणं!"

"हाव, काढा भाऊ!" दोन-चार जण ओरडले.

स्वातीने हातातल्या पत्रावळ्या तिथेच टाकल्या. "यायचा हात दुखून राह्यला..." असं काहीतरी ती बोलली, पण संघपाल आधीच निघाला होता.

---

तो चालत गेला कारण सगळे पाहत होते, आणि मयुरी पाहत होती.

दार उघडून तो बसला. सीट मऊ होती. गाडीला नव्या रबराचा वास होता, डंपरला कधी नसायचा तो. त्याने चावी फिरवली. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्याने आरशात पाहिलं. आरशात गल्ली होती, टँकर होता आणि टँकरपुढे एक माणूस हात हलवत 'या, या' करत उभा होता.

संघपालने चावी बंद केली. शर्ट पाठीला चिकटला होता. त्याला वाटलं, असंच बसून राहावं, कोणीतरी येईल, स्वाती येईल, काहीतरी सांगेल. पोट दुखतं म्हणेल. मग त्याला दिसलं की स्वाती खरंच येते आहे, साडी सावरत, तोंडात एक खोटं तयार ठेवून. गेलं वर्षभर ती असंच करत आली होती.

तो खाली उतरला.

"मले मागे घेता येत नाई," तो म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "खाणीत माया दोस्त मेला मायासमोर. तेव्हापासून येत नाई. भीती वाटते. गोळ्या चालू हायेत."

मोबाईलवरचं गाणं तेवढं चालू राहिलं.

"गोळ्या कायच्या?" लच्छूमामाने विचारलं. "डोक्याच्या?"

"हाव. डोक्याच्या."

"अन् आम्हाले सांगितलं का कोणी? ताई, तुले सांगितलं? म्हणजे घरात..."

"मामा," मयुरी म्हणाली. ती अंगठीचा हात तसाच पुढे धरून गल्लीत आली होती. "माया भाऊ बिमार हाय. उद्या कोर्टात त्याची तारीख हाय. सांगाले पाह्यजे होतं, मी राजदीपले फोनवर सांगणार होती, सांगणार होती, हिंमत नाई झाली. आता सांगून राह्यली. अंगठी परत पाह्यजे तं ही घ्या. फक्त ओढू नका, अडकून राह्यली."

राजदीप पुढे आला. त्याने अंगठीकडे पाहिलं नाही, बोलेरोकडे पाहिलं.

"मलेई गाडी नाई चालवता येत," तो म्हणाला. "पुढची बी नाई, मागची बी नाई. चाबी असू द्या. गिअर मोकळा करा, ढकलू."

"साडी नेसून स्टेअरिंग कोण धरन?" कोणीतरी विचारलं, कारण मयुरी तोवर आत चढली होती.

"सरळ धराचं ना फक्त? धरली."

बाह्या सरसावून हरिदास, मास्तर, टँकरवाला, पंगतीतले हातही न धुतलेले पाहुणे बोलेरोच्या तोंडाशी उभे राहिले. संघपालनेही बॉनेटला हात लावले. पुढून ढकलायचं होतं, मागे पाहायचं कामच नव्हतं. "जोर लगाके!" टँकरवाला ओरडला, सगळे "हैशा!" म्हणाले, आणि गाडी हलली. मयुरी आत किंचाळत हसत होती. लच्छूमामा बाजूला उभा राहून "डावीकडे, डावीकडे, अरे मायी गाडी!" करत होता. मग त्याला राहवेना आणि तोही ढकलायला लागला. गाडी नाक्यावर पोचली तेव्हा सगळ्यांच्या हातांना बॉनेटवरची काळी धूळ लागली होती, आणि पान खाऊन परत आलेला ड्रायव्हर तोंड उघडं टाकून उभा होता.

---

मांडवात परत येऊन सगळे बसले. विशाखाबाईने पाण्याचा गिलास रिकामा केला आणि आवाज चढवला.

"इहीणबाई, मले एक सांगा. लपवलं काऊन?"

"भेव वाटलं," रुखमाआत्या पदर सावरत म्हणाली.

"कशाचं?"

"तुमचंच."

"बरोबर हाय. मले घरचे बी भेतात." विशाखाबाई गालात हसली, मग गंभीर झाली. "पण लपवलं त्याचा राग हाय मले. तो राहीन. लग्नापर्यंत राहीन. आहेरात भरून काढा." आणि माधवीकडे वळली. "अन् मोहर्लीची मावसबहीण? पिशवीतून काळा कोट दिसून राह्यला केव्हापासून. जंगलात घालता का?"

माधवीच हसत सुटली. मग तिने सरळ सांगितलं: उद्याची तारीख, कंपनीचं उत्तर, हरिदासचा कागद. "मनाची जखम कोर्टाला दाखवता येत नाही बाई. घरातल्या माणसांनी काय पाहिलं, ते सांगावं लागतं."

"मग सांगा नं," विशाखाबाई म्हणाली. "एवढे लोक हायेत."

मग स्वाती म्हणाली, "कुकर फुटला नाई आत्याबाई. मी माहेरी नेऊन देल्ला. शिट्टी झाली की हे उठून घराबाहेर जात."

आत्याने तिच्याकडे पाहिलं. वर्षभर वरणावरून सुनेला बोललेलं सगळं तिला आठवलं असावं, कारण ती पहिल्यांदा थोडी ओशाळली. "मले सांगाव नं बाई," ती म्हणाली. "मी याच्यामागून येताना खोकत येतो. मागून हात लावला तं हा असा उडते, म्हणून. मले वाटलं फक्त मलेच माहीत हाय."

"टँकरवाले भाऊ," मयुरी म्हणाली, "तुम्ही शिट्टीच्या जागी बादली काऊन वाजवता, सांगा यायले."

"तुम्हीच तं म्हणलं ताई!" टँकरवाला म्हणाला. "मी म्हणलं, शिट्टी सस्ती पडते. तुम्ही बादली आणून देल्ली."

संघपाल एकेकाकडे पाहत होता. त्याला वाटायचं, हे सगळं आपण एकट्याने लपवून ठेवलं आहे.

"हे सगळं लिहू," माधवी म्हणाली, "पण ठणठणीत असल्याचा कागद हरिदासजींचा आहे. त्यांच्याशिवाय भागणार नाही."

हरिदास मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. काळी झालेली बोटं त्याने धोतराला पुसली नव्हती.

"मोटारसायकलचे आरसे चोरीले नाई गेले," तो म्हणाला.

"काय?" आत्या म्हणाली.

"मी काढले. पान्यानं. दोन्ही. हा आरशात पाह्यला की गाडी पाडत होता. चोरी झाली म्हणून सांगितलं तुम्हाले." त्याने काळ्या बोटांकडे पाहिलं. "ज्या आठवड्यात तो कागद लिहून देल्ला, त्याच आठवड्यात काढले."

माधवीने पिशवीतून कोरे कागद आणि पेन काढलं. हरिदासने ते तिच्या हातातून घेतलं.

"मीच लिहितो. पह्यलं माया अक्षरात हाय, दुसरं बी माया अक्षरात पाह्यजे. लोक म्हणतीन, वकिलानं लिहून घेतलं."

विशाखाबाईने त्याला स्वतःची खुर्ची दिली. त्याने चष्मा लावला, नाव लिहिलं, वय लिहिलं, गाव लिहिलं. कागदाच्या कडेवर काळ्या बोटाचा ठसा उमटला. त्याने पेन उचललं, आणि मग खाली ठेवलं.

"संघपाल, इकडे ये."

संघपाल आला आणि बापासमोर उभा राहिला, शाळेचा निकाल दाखवायला यायचा तसा.

"कोर्टाले सांगाच्या आधी तुले सांगाव लागते," हरिदास म्हणाला. "मी लिहून देल्तं तू ठणठणीत हायेस. नाई हायेस तू. तू बरा नाईस पोरा."

सव्वा वर्षात हे घरातलं कोणीही संघपालला तोंडावर म्हणालं नव्हतं. सगळ्यांनी कुकर हलवले होते, आरसे काढले होते, खोकले होते. म्हणालं मात्र कोणी नव्हतं. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरत गेलं. आणि तो हसायला लागला. आधी हळू, मग मोठ्याने, सिरोंच्याचे पाहुणे गोंधळून एकमेकांकडे पाहायला लागले एवढ्या मोठ्याने.

"नाई बाबा," तो हसत, डोळे पुसत म्हणाला. "नाई हाव मी बरा."

"मग झालं," हरिदास म्हणाला आणि लिहायला लागला.